लॉरी बेकरांचं स्मरण करायचं तर मुलांच्या हातात वीट द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे : तंत्रनिकेतनातल्या स्थापत्य विभागाला २ मार्चला, म्हणजे स्थानिक सामानातून कमी खर्चात घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या जन्मदिनी, त्यांच्यावर कार्यक्रम करायचा आहे. दरवर्षीसारखं व्याख्यान आणि फोटोंचं प्रदर्शन नको आहे. हाताशी तीन आठवडे, चाळीस मुलं, मागचं मोकळं मैदान आणि ओळखीचा एक गवंडी आहे. विचारणाऱ्या शिक्षिकेचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं : "मुलं फोटो बघतात, छान म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकोनी आरसीसी डबा काढतात."

खरी अडचण या वाक्यातच आहे. बेकरांचं आयुष्य सांगणं अवघड नाही. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्म, तिथेच वास्तुकलेचं शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथीयांच्या रुग्णवाहिका पथकातून चीनमध्ये सेवा, परतीच्या बोटीची वाट पाहत असताना मुंबईत गांधीजींची भेट, १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनचा वास्तुविशारद म्हणून भारतात येणं, डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न, हिमालयातल्या पिठोरागढच्या डोंगरात सुमारे सोळा वर्षं, मग केरळ, १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय नागरिकत्व, १९९० मध्ये पद्मश्री, १ एप्रिल २००७ रोजी तिरुअनंतपुरममध्ये निधन. एवढं एका फलकावर मावतं. पण यातून मुलांना त्यांची विचार करण्याची पद्धत कळत नाही, आणि शिक्षक म्हणून त्यांनी दिलं ते तीच पद्धत. वर्गात उभं राहून शिकवणं हा त्यांचा मार्ग नव्हता. ते साइटवर गवंड्याशेजारी उभे राहून, वापरलेल्या पाकिटांच्या आणि लग्नपत्रिकांच्या पाठीवर रेखाटून समजावत. सामान्य माणसाला कळतील अशा पुस्तिका त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून, चित्रं काढून तयार केल्या. म्हणून माझा सल्ला असा की त्या दिवशी मुलांना बेकरांनी घेतलेले दोन-तीन निर्णय स्वतः घ्यायला लावा. चरित्र त्या कामाच्या कडेकडेने आपोआप येईल.

आधी एक गोष्ट परिस्थितीवर सोडावी लागेल. तुमची संस्था महाराष्ट्रात नेमकी कुठे आहे ते प्रश्नात नाही, आणि इथे त्यानेच सगळं बदलतं. गांधीजींचं म्हणणं बेकरांनी आयुष्यभर सांगितलं : आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून उभं राहावं. तुम्ही कऱ्हाड-सांगलीच्या नदीकाठच्या पट्ट्यात असाल तर वीट तुमची आहे, पुढचं सगळं जसंच्या तसं करा. कोकणात असाल तर तुमचं सामान जांभा. तिथे ट्रकने विटा आणून बेकरांची भिंत बांधणं म्हणजे त्यांचं रूप घेऊन म्हणणं सोडून देणं. मग चिऱ्यांचीच भिंत बांधा, बेकरांची जाळी, म्हणजे फटी सोडून रचलेली भिंत, जांभ्यात कशी बसेल ते मुलांना सोडवू द्या. पठारावर असाल तर काळा दगड. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी मुलांना नकाशावर संस्थेभोवती आठ किलोमीटरचं वर्तुळ काढायला सांगा आणि त्यात वीटभट्टी, खाण, कौलांचा कारखाना, बांबू, जुन्या लाकडाचा अड्डा काय काय आहे ते प्रत्यक्ष जाऊन नोंदवून आणायला लावा. हा नकाशा प्रदर्शनाचा पहिला फलक करा. बेकरांच्या छायाचित्रापेक्षा तो दाराशी शोभेल.

इथेच एक इशारा द्यायला हवा. 'स्थानिक ते चांगलं' एवढंच शिकून मुलं गेली तर नुकसान होईल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात जी घरं कोसळली ती स्थानिक सामानाचीच होती : मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि वर जड मातीचं धाबं. दोन्ही बाजूंच्या दगडांना बांधून ठेवणारे आरपार दगड भिंतीत नव्हते, त्यामुळे भिंत मधोमध फाटून दोन्हीकडे कोसळली. बेकर पिठोरागढच्या पहाडी घरांसमोर थांबले ते कौतुकापुरते नाही. तिथल्या लोकांनी कुठला दगड कुठे आणि का वापरला, हे त्यांनी पाहिलं. सामान आणि त्यामागची अक्कल दोन्ही घ्यायची असते. मराठवाड्यात असाल तर या मुद्द्याला स्वतंत्र फलक द्या.

आता मुख्य काम, वीट मिळते असं धरून. रॅट-ट्रॅप बाँडची एक भिंत बांधा. बाँड म्हणजे विटा रचण्याची पद्धत. यात वीट पाटावर न टाकता कडेवर उभी करतात. भिंतीच्या दोन्ही तोंडांना एकेक वीट लांबीने, मग एक वीट आरपार आडवी, पुन्हा दोन लांबीने, असा क्रम. मधे पोकळी राहते. भिंत २३० मिमीचीच, पण विटा कमी, सांध्यांत भरायचा माल कमी आणि आतल्या हवेमुळे उष्णता उशिरा आत शिरते.

हिशोब मुलांनाच करू द्या, तयार आकडा देऊ नका. वीट २३० × ११० × ७० मिमी आणि सांधा १० मिमी धरा. एका घटकात दोन लांब विटा आणि एक आरपार वीट : लांबी २३० + १० + ७० + १० = ३२० मिमी, उंची ११० + १० = १२० मिमी. म्हणजे तीन विटांत ०.०३८४ चौरस मीटर, चौरस मीटरला साधारण ७८ विटा. नेहमीच्या भरीव २३० मिमी भिंतीत २४० × ८० मिमीच्या तोंडामागे दोन विटा, म्हणजे चौरस मीटरला १०४. बचत पंचवीस टक्के. हा आकडा सगळीकडे छापलेला असतो, पण तो कुठून येतो हे फळ्यावर मांडून पाहिलं की मगच तो आपला होतो.

भिंत १.३५ मीटर लांब आणि १.२ मीटर उंच ठेवा. या मापाचं कारण आहे. १३५० मिमीत चार घटक आणि शेवटची एक आरपार वीट बरोबर बसते (४ × ३२० + ७०), आणि खालचा-वरचा भरीव थर फक्त आरपार विटांचा केला तर त्यातही १७ विटा आणि १६ सांधे नेमके बसतात. उंचीत दहा थर येतात : तळाला एक भरीव, मधे आठ पोकळ, वर एक भरीव. पोकळ थरांपैकी एक आड एक थर अर्धा घटक सरकवायचा, म्हणजे वरची आरपार वीट खालच्या लांब विटांच्या मध्यावर येईल. सरकवलेल्या थराच्या दोन्ही टोकांना आरपार विटेला लागून ७० मिमीचे तुकडे लागतात. एका विटेचे तीन निघतात. न सरकवलेल्या थराला १३ विटा, सरकवलेल्याला सुमारे १४. एकूण १०८ अधिक भरीव थरांच्या ३४, म्हणजे १४२. तुटफूट धरून १६० आणा.

आणि मग मुलांना हा प्रश्न विचारा : हीच भिंत भरीव बांधली असती तर १.६२ चौरस मीटरला १६८ विटा लागल्या असत्या. बचत २६ विटांची, म्हणजे पंधरा टक्केच. पंचवीस कुठे गेले? भरीव थरांत आणि टोकांत. प्रत्यक्ष घरातही जोत्यावर, खिडकीच्या तळाला, लिंटलपाशी (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईपाशी), स्लॅब टेकते तिथे आणि दारं-खिडक्यांच्या बाजूंना भिंत भरीव करावी लागते. ज्या घरात भिंती छोट्या आणि उघडी तोंडं फार, तिथे बचत झपाट्याने घटते. काटकसर फक्त बाँडमध्ये नसते, ती आधी आराखड्यात असते. बेकर खिडक्यांबाबत इतके काटेकोर का होते, तेही इथे कळतं. चौकट, झडपा, काच, गज, बिजागऱ्या धरल्या की खिडकी तेवढ्याच जागेतल्या भिंतीपेक्षा कितीतरी पट महाग पडते. मुलांना स्वतःच्या वर्गात उभं करून कुठली खिडकी उजेडासाठी, कुठली वाऱ्यासाठी आणि कुठली उगाच आहे ते ठरवायला सांगा. अर्धा तास पुरतो.

माल सिमेंटचा करू नका. भिंत नंतर उतरवायची आहे आणि विटा परत वापरायच्या आहेत, म्हणून मातीचा चिखल घ्या. काळी माती चालत नाही, ती वाळताना आकसून भेगाळते. पांढरी किंवा लाल मुरमाड माती चाळून, आदल्या रात्री भिजवून, सकाळी पायाने तुडवून घट्ट करा. आठ-दहा घमेली पुरे. खऱ्या घरासाठी अर्थातच १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) सिमेंटचा किंवा चुन्याचा माल.

चुकतं कुठे ते आधी सांगून ठेवा. पहिली चूक म्हणजे पोकळीत माल पडणं. गवंड्याचा हात सवयीने थापी भरून माल सगळीकडे पसरतो, पोकळी बुजते आणि बाँडचा अर्थच संपतो. पोकळी ९० मिमी रुंद असते. तेवढ्याच रुंदीची फळीची पट्टी तिच्यावर ठेवून दोन्ही बाजूंच्या विटांवर माल लावायचा, पट्टी उचलायची, पुढे सरकायचं. दुसरी, विटांची मापं. भट्टीच्या विटा सारख्या नसतात, आणि इथे आरपार वीट भिंतीची दोन्ही तोंडं ठरवते. दहा विटा टोकाला टोक लावून मोजा, २३०० मिमीपेक्षा २०-२५ मिमी इकडेतिकडे असेल तर आकडे नव्याने मांडा, आणि एक बाजू सुतात धरून दुसरी जशी येईल तशी येऊ द्या. दोन्ही बाजू एकाच वेळी सुतात आणायला गेलं की सांधे बिघडतात. तिसरी, विटेवरची खळगी : ती आतल्या बाजूला यायला हवी, नाहीतर बाहेरून भिंत खड्ड्याखड्ड्यांची दिसते. चौथी, कोरड्या विटा. अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर त्या मालातलं पाणी ओढून घेतात. आदल्या दिवशी पहिले तीन थर माल न लावता कोरडे रचून बघितले तर यातल्या निम्म्या चुका तिथेच सापडतात.

भूकंपाचा प्रश्न कोणीतरी विचारेलच, आणि विचारायला हवा. पोकळ भिंतीचं घर जोत्यावर, लिंटलवर आणि छताखाली आरसीसी पट्टे घेऊनच बांधायचं. कोपऱ्यांत, भिंती मिळतात तिथे आणि दारांच्या दोन्ही बाजूंना पोकळीतून उभी सळई घेऊन तेवढी पोकळी काँक्रीटने भरायची. पोकळी आधीच तयार असल्यामुळे हे काम भरीव भिंतीपेक्षा इथे सोपं जातं.

दुसरं काम जाळीचं. साधारण दोन मीटर लांब, एक मीटर उंच, किंचित वळणदार. इथे विटा नेहमीसारख्या पाटावर, एकेरी, दोन विटांत ११० मिमी जागा सोडून. वरच्या थरातली वीट खालच्या फटीवर बसते आणि दोन्ही बाजूंना ६० मिमी टेकते. चौरस मीटरला ३७ विटा. भरीव अर्ध्या विटेच्या भिंतीला ५२ लागतात. तळाचा आणि वरचा थर भरीव ठेवून ९० विटा आणा. सरळ एकेरी भिंत एका धक्क्यात पडते, वळण दिलं की तीच स्वतःच्या आकारावर उभी राहते. मुलांना दोन्ही करून हाताने हलकं ढकलू द्या, मोठ्यांच्या देखरेखीखाली. कार्यक्रम संध्याकाळी असेल तर जाळीमागे एक दिवा ठेवा. तिरुअनंतपुरमच्या उल्लूरमधलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज बेकरांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून असंच बांधत नेलं : टेकडी सपाट न करता, झाडं राखून, खिडकीच्या जागी विटांची जाळी. तंपानूरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये तर जाळीची भिंत चढणीबरोबर गोल फिरत वर जाते. या दोन इमारतींचे फोटो जाळीशेजारी लावा. तिथे ते बोलतील.

जाळीची मर्यादाही लिहून लावा. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात पश्चिमेकडे उघडी जाळी ठेवली तर पाणी सरळ आत येतं. वर किमान ६०० ते ७५० मिमी पुढे आलेलं छप्पर हवं, नाहीतर ती बाजू बदलायला हवी. धूळ आणि किडे येतात, जाळी झाडत राहावी लागते. गिलावा न केलेल्या भिंतीचे सांधे नीट दाबून दरजा भरल्या नाहीत तर ओल येते. बेकरांच्या पद्धतीने घर बांधून नाराज झालेल्यांच्या तक्रारी बहुतेक याच असतात आणि त्या खऱ्या आहेत. स्मरण करताना त्या झाकल्या तर मुलं पहिल्या गळतीलाच सगळं सोडून देतील.

तिसरं, फिलर स्लॅब, म्हणजे काँक्रीटच्या मधे कौलं भरून केलेली स्लॅब. इथे काँक्रीट ओतूच नका. तीन आठवड्यांत ओतणं, पिकवणं, फळ्या काढणं घाईचं होतं, आणि खरं शिकायचं ते ओतल्यावर झाकलं जातं. जमिनीवर मीटरभर चौरस फळी टाका. मंगलोरी कौलं दोन-दोनच्या जोडीत, एकावर एक पालथी, मधे हवा राहील अशी मांडा. कौल साधारण ४१० × २३५ मिमी असतं. मधे ९० मिमीच्या पट्ट्या सोडल्या तर तीन ओळींत दोन-दोन, म्हणजे सहा जोड्या बसतात. पट्ट्यांतून ८ मिमी सळई, सळईखाली २० मिमीचं कव्हर, म्हणजे काँक्रीटच्या थरासाठी सोडलेली जागा. हे असंच उघडं ठेवा आणि शेजारी कागदावर हिशोब : एका जोडीने अडवलेली जाडी ६० मिमी धरली तर सहा जोड्या सुमारे ०.०३५ घनमीटर जागा घेतात. ११० मिमी जाडीच्या चौरस मीटर स्लॅबमध्ये काँक्रीट ०.११ घनमीटर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश वाचलं. स्लॅबच्या खालच्या भागात ताण असतो, तो सळई घेते. तिथलं काँक्रीट फक्त सळईला धरून ठेवतं, म्हणून त्यातलं काही काढून हलकं कौल घालता येतं. आधारापाशी, सलग स्लॅब भिंतीवरून जाते तिथे, ताण वर येतो; म्हणून भिंतीलगतची पट्टी भरीव आणि छज्ज्यात कौलं नाहीत. खऱ्या कामात कौलं भिजवून घ्यायची आणि सळयांचं डिझाइन इंजिनिअरकडून करून घ्यायचं. हे वाक्य मोठ्या अक्षरात लावा.

वेळ उरला तर मैदानावर दोरीचा एक खेळ घ्या. ३६ चौरस मीटरचं घर चौकोनी आखलं तर बाहेरची भिंत २४ मीटर; वर्तुळात आखलं तर त्रिज्या ३.३९ मीटर आणि भिंत सुमारे २१.३ मीटर. तेवढीच जागा, अकरा टक्के कमी भिंत. बेकरांच्या गोल खोल्या काही अंशी या हिशोबातून आल्या. गोल घरात कपाट कुठे लावायचं, हा प्रश्न लगेच येईल, त्यावर वाद होऊ द्या. दोरी आखताना एकही झाड तोडायचं नाही, ही अट ठेवा.

चरित्राचे फलक या कामांना जोडून तीन-चार वाक्यांचे. नकाशापाशी गांधीभेट, दगडाच्या फलकापाशी पिठोरागढ, जाळीपाशी उल्लूर. भिंतीपाशी १९८५ मध्ये स्थापन झालेली कॉस्टफोर्ड ही कमी खर्चाच्या बांधकामाची संस्था. केरळचे मुख्यमंत्री राहिलेले सी. अच्युत मेनन आणि अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्यासारखी माणसं तिच्यामागे उभी राहिली आणि बेकरांची पद्धत तिने पुढच्या पिढीच्या हातात दिली. फलक मुलांनी हाताने लिहून, रेखाटून करावेत. बेकरांच्या पुस्तिका तशाच होत्या. भाषण हवंच असेल तर पंधरा मिनिटं, भिंतीशेजारी उभं राहून, आणि पाहुण्यांइतकाच वेळ गवंड्याला द्या. त्याचं नाव निमंत्रणपत्रिकेवर छापा आणि त्याची दिवसाची मजुरी ठरल्याप्रमाणे चुकती करा.

वेळेचं असं जमवा : पहिल्या आठवड्यात नकाशा आणि साहित्य, दुसऱ्यात हिशोब, फलक आणि कोरडी मांडणी, तिसऱ्यात गवंड्याबरोबर एक सराव. त्या दिवशी आठ-आठ मुलांचे गट करा. भिंतीला तीन-चार तास लागतील, सकाळी नऊला सुरुवात केली तर दुपारच्या आत संपेल. चिखलाची भिंत आहे, तिच्यावर कोणाला बसू देऊ नका आणि रात्री दोरी बांधून घ्या. दोन-तीन दिवसांनी मुलांकडूनच उतरवून घ्या, विटा खरवडून रचून ठेवा, आणि १६० पैकी किती अख्ख्या परत आल्या ते फलकाखाली लिहायला लावा. पुढच्या तुकडीला त्याच विटा चालतील.